दिवसा ओढलेला पडदा

फेन्ना हिडिंकने आजवर अकरा घरांचे पडदे ओढले होते, आणि त्या अकराही घरांत त्या दिवशी कुणी ना कुणी गेलेलं होतं.

वेल्डरहूक ही हॉलंडच्या पूर्व टोकाची चौदा घरांची वस्ती. जर्मनीची हद्द इथून सायकलवर अर्ध्या तासावर. इथे दिवसा खिडकीचा पडदा कुणी ओढत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला आतली फुलदाणी, टेबलावरची कॉफी, पेपर वाचणारा म्हातारा असं सगळं दिसतं, आणि घरात लपवण्यासारखं काही नाही हे दिसावं अशीच रीत आहे. दिवसा पडदा ओढतात तो एकाच कारणासाठी, आणि तोही घरच्यांनी ओढायचा नसतो. प्रत्येक घराला एक पहिला शेजार असतो, पणजोबांच्या काळापासून ठरलेला. घरात कुणी गेलं की घरच्यांनी फक्त बसून राहायचं. पहिल्या शेजाऱ्याने काळा कोट घालून मागच्या दाराने आत यायचं, घड्याळाचा लंबक थांबवायचा, रस्त्याकडचा पडदा ओढायचा, गेलेल्या माणसाला धुऊनपुसून चांगले कपडे घालायचे, आणि मग पुढच्या घरी जाऊन सांगायचं. ते घर त्याच्या पुढच्या घराला सांगतं. संध्याकाळपर्यंत चौदा घरांत बातमी पोचते आणि दफनानंतर वाटायच्या केकची ऑर्डर बेकरीत जाते.

फेन्नाच्या वाट्याला असं एकच घर होतं, समोरचं विलेमीनचं. पण तिचे हात थरथरत नाहीत अशी ख्याती होती, म्हणून बाकीचेही तिलाच मदतीला नेत. एरवी ती शेतकरी भांडारात गल्ल्यावर असायची. कोंबड्यांचं खाद्य, बियाणं, रबरी बूट. गिऱ्हाइकाची टर उडवल्याशिवाय ती पिशवी हातात देत नसे. अशी ही बाई मेलेल्या माणसाला कधी घाबरली नाही. घाबरली ती पन्नासाव्या वर्षी, दवाखान्यातल्या एका खुर्चीवर बसून.

तीन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. पाळी आली की आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबायची नाही. भांडारात बियाण्यांच्या कपाटामागे तिने पँटचे दोन जादा जोड ठेवले होते. गावचा डॉक्टर म्हणायचा, "वय झालंय, आपोआप थांबेल. वाट पाहू." हे तिला फार सोयीचं होतं. ती आनंदाने वाट पाहत होती. मग मार्चमध्ये एका सकाळी गव्हाच्या कोंड्याचं पोतं काट्यावर ठेवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पोत्याशेजारी काट्यावरच बसली. तपासलं तर रक्त निम्म्यावर आलेलं. गर्भपिशवीत संत्र्याएवढी गाठ.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर टेर हार नावाची उंच, लांब बोटांची बाई होती. तिने कागदावर पोटाचं चित्र काढलं.

"चार छोटी छिद्रं. एक बेंबीत, तीन खाली. पोटात गॅस भरायचा, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते. बेंबीतून दुर्बीण. पिशवी चहूबाजूंनी सोडवायची आणि खालच्या वाटेने बाहेर काढायची. अंडाशय तसेच राहतील. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी घरी."

"आणि बाई कशी बाहेर येते?" फेन्नाने विचारलं.

"म्हणजे?"

"पिशवी खालच्या वाटेने. बाई कशी येते? चालत की आडवी?"

डॉक्टरीण हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "तुमच्या ओळखीचं कुणी गेलंय का या ऑपरेशनात?"

फेन्नाशेजारी तिचा नवरा डर्क टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. डर्क गाईंची खुरं कापायचं काम करी. दिवसभर गाईंशी बोलून झालं की माणसांसाठी त्याच्याकडे फारसे शब्द उरत नसत. पण या वेळी तोच बोलला. "हिची आई. चौऱ्याहत्तर साली."

"ऑपरेशनात नाही," फेन्ना म्हणाली. "नंतर. पोट वरपासून खालपर्यंत उघडलं होतं. दोन आठवडे इस्पितळात पडून होती. घरी आली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. छातीत गुठळी."

"तेव्हाचं ऑपरेशन आणि आजचं यांत फार फरक आहे," डॉक्टर टेर हार म्हणाली. "तेव्हा बायकांना उठूच देत नसत. तुम्हाला आम्ही त्याच संध्याकाळी चालायला लावू." मग तिने एक पत्रक दिलं. काय उचलायचं नाही, सायकल कधी चालवायची, आणि शेवटी जाड अक्षरांत, काय झालं तर वॉर्डात फोन करायचा. "एक गोष्ट आधीच सांगते. खांद्यात दुखेल. पोटातला गॅस वर चढून छातीखालच्या पडद्याला लागतो, त्याची कळ खांद्यात उठते. एक-दोन दिवस. घाबरू नका."

फेन्नाच्या डोक्यात त्या सगळ्यातलं एवढंच राहिलं. खांदा दुखेल, घाबरू नका. बाकीचं डर्कने फ्रिजवर चिकटवलं.

घरी आल्यावर प्रश्न निघाला झोपायचा. हिडिंकांच्या घराचा जिना शिडीसारखा उभा, वर जाताना हात टेकावे लागत. डर्क म्हणाला, "समोरच्या खोलीत पलंग लावू."

"त्या खोलीत मुळीच नाही."

"मग जिन्यावर झोपतेस?"

त्या खोलीत तिची आई ठेवली होती. हे घर फेन्नाच्या आईबापांचंच, डर्क लग्नानंतर इथे राहायला आला. अकरा वर्षांची फेन्ना त्या दिवशी शाळेतून येत होती आणि चिंचोळ्या रस्त्याच्या वळणावरूनच तिला दिसलं की पुढच्या खिडकीचा पडदा ओढलेला आहे. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. ती तिथेच रस्त्यावर दप्तर घेऊन उभी राहिली. शेवटी विलेमीन, तेव्हा तिशीची, काळ्या कोटात बाहेर आली आणि तिने तिला हाताला धरून आत नेलं.

"झोपते," फेन्ना शेवटी म्हणाली. "पण एक अट. दिवसा पडदा ओढायचा नाही. ऊन आलं, पाऊस आला, दरोडेखोर आले तरी नाही."

"नाही ओढणार."

"शपथ घे."

"गाईंची घेऊ की तुझी?"

"गाईंची घे. त्यांना तू जपतोस."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विलेमीन बटाटे लावायचं काम सोडून आली. सत्तरीला आलेली, वाकलेली, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. फेन्नाने तिला समोरच्या खोलीतल्या कपाटाकडे नेलं आणि खालचा खण उघडला. आत निळा ड्रेस, इस्त्री केलेला. नवे मोजे. वर एक कागद, त्यावर चर्चमध्ये म्हणायची तीन गाणी.

"हे काय गं?" विलेमीन म्हणाली.

"तू माझी पहिली शेजारीण. तुला कुठे काय आहे ते माहीत नको? नाहीतर लोटे येईल आणि मला जीन्स घालून पाठवेल." लोटे ही तिची मुलगी, उट्रेख्टला विम्याच्या कचेरीत होती. आठ वर्षांपूर्वी शहरात गेली ती तिथलीच झाली.

"दुर्बिणीचं ऑपरेशन आहे ना तुझं? चार भोकांचं?"

"मरायला एक भोक पुरतं."

विलेमीनने खण लावून टाकला. "तुझी जीभ आधी कापायला हवी होती," ती म्हणाली, पण जाताना तिने फेन्नाचा दंड नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

गुरुवारी सकाळी ढकलगाडीवर पडल्यापडल्या फेन्नाने छतावरचे दिवे मोजले. सव्वीस. भूल देणारा माणूस तिला म्हणाला, "आता काहीतरी छान आठवा." तिला छान काही आठवलं नाही. रस्त्याचं ते वळण आठवलं.

आणि मग लगेच कुणीतरी म्हणालं, "बाई, झालं. उठा."

तिचा विश्वास बसला नाही. तिने आधी हात पाहिले, मग पोट चाचपलं. चार छोट्या पट्ट्या. संध्याकाळी तिला उभं केलं, ती वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आली. घसा खरवडल्यासारखा झाला होता, खांदा दुखत होता. डॉक्टर टेर हार येऊन म्हणाली, सगळं स्वच्छ झालं, पिशवी तपासायला पाठवली आहे. शुक्रवारी दुपारी डर्कने तिला गाडीत बसवलं आणि गाय उतरवावी तितक्या सावकाश घरी उतरवलं.

शुक्रवारची संध्याकाळ इतकी चांगली गेली की तिला भीती वाटायला लागली. आईही तिसऱ्या दिवशीच गेली होती. आधीचे दोन दिवस तीसुद्धा उशीला टेकून सूप पीत होती, हसत होती. फेन्नाला ते सूप आठवत होतं. त्यात शेवया होत्या. तिने डर्कला सांगितलं, मला शेवयांचं सूप देऊ नकोस. त्याने कारण विचारलं नाही, मटारचं केलं.

शनिवारी सकाळी खांद्याची कळ वाढली. कमी व्हायला हवी होती, पण वाढली. मानेपासून कोपरापर्यंत कुणीतरी चिमट्याने ओढावं तशी. पोट फुगल्यासारखं वाटत होतं. तोंडाला कोरड. लोटे आदल्या रात्री उट्रेख्टहून आली होती, तिने विचारलं, "आई, वॉर्डात फोन करू का?"

"कशाला? गॅस आहे. सांगितलंय त्यांनी."

"पण वाढलंय म्हणतेस."

"शनिवारी सकाळी माणसं बाजारात असतात, त्यांच्या मागे गॅससाठी कशाला लागायचं? आपण काय शहरातले आहोत, उगीच सगळ्यांना हलवायला?"

डर्क दारात उभा होता. त्याला एका शेतकऱ्याचा फोन आला होता, एक गाय तीन पायांवर उभी होती. तो जाईना.

"जा," फेन्ना म्हणाली. "ती गाय बोलू शकत नाही. मी बोलतेय ना?"

तो गेला. फ्रिजवरच्या पत्रकाशी दोन क्षण थांबला, आणि गेला. त्या दोन क्षणांबद्दल तो नंतर पुष्कळ दिवस बोलला नाही.

दहाच्या सुमारास फेन्नाला ग्लानी आली. एप्रिलचं ऊन पुढच्या खिडकीतून थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं. लोटेने आईच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या, आणि शहरातली कुठलीही मुलगी करेल ते केलं. उठून पडदा ओढला. मग "वेदनेची गोळी आणते" अशी चिठ्ठी उशीशेजारी ठेवून, सायकल काढून पुढच्या गावच्या औषधाच्या दुकानाकडे निघाली.

फेन्नाला जाग आली ती अर्धवट अंधारात.

आधी तिला कळेना काय बदललंय. मग दिसलं. पडद्याचे करडे गुलाब, आईच्या वेळचेच, आणि त्यांच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ. घरात कुणाचा आवाज नाही. फक्त भिंतीवरचं घड्याळ. टक, टक. तिने "लोटे" म्हणायचा प्रयत्न केला, ओठ हलले, आवाज आला नाही. हात वर उचलायला गेली तर हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. अंगाला घाम, पण गार. खांद्याची कळ होती का? होती, पण लांब, शेजारच्या खोलीत असल्यासारखी.

म्हणजे झालं, तिच्या मनात आलं. पडदा ओढला म्हणजे झालं. अकरा घरांत मी ओढला, तेव्हा त्यांनाही असंच ऐकू येत असेल का? आणि मी त्यांच्या उशाशी उभी राहून बटाट्याच्या भावाच्या गप्पा मारल्या.

भीती काही अंगावर एकदम आली नाही. पाणी चढतं तशी पायांकडून वर आली. फोन टेबलावर होता, चार पावलांवर. तिने कोपरावर उठायचा प्रयत्न केला. खोली एका बाजूला कलली, रेघ मोठी झाली, आणि ती पुन्हा उशीवर पडली.

मागचं दार वाजलं.

पावलं लोटेची नव्हती. सावकाश, लाकडी बूट दाराशी काढून मोज्यांनी येणारी. स्वयंपाकघर, मग बोळ, मग खोलीचं दार. आत आला तो काळा कोट. काळा कोट सरळ घड्याळाकडे गेला. एक हात वर झाला आणि टक टक थांबली.

फेन्नाला वाटलं तिचं हृदयही त्याच हाताने थांबवलं.

मग खण उघडल्याचा आवाज. खालचा खण. काळा कोट वळला तेव्हा त्याच्या हातावर निळा ड्रेस होता.

"काय ही पोरं," विलेमीन स्वतःशीच पुटपुटत होती, तिचा आवाज रडवेला होता. "मला एक हाक मारली नाही. पडदासुद्धा स्वतःच ओढला. पन्नास वर्षं समोर राहते मी…" ती पलंगाशी आली, ड्रेस खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि डोळे मिटवण्यासाठी फेन्नाच्या चेहऱ्यावर हात ठेवला.

डोळे तिच्याकडे बघत होते.

विलेमीनने किंकाळी फोडली नाही. ती फक्त एक पाऊल मागे गेली आणि खुर्चीवरच्या निळ्या ड्रेसवर बसली.

"फेन्ना?"

फेन्नाने ओठ हलवले. विलेमीन वाकली.

"गॅस आहे," फेन्ना म्हणाली.

"गॅस? पडदा कुणी ओढला?"

"मी… मेले नाही?"

"अजून नाही," विलेमीन म्हणाली, आणि मग तिने फेन्नाचा हात उचलला. नखांकडे पाहिलं. खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. ओठांकडे पाहिलं. फेन्नाने हे पाहणं ओळखलं. ती स्वतः असंच पाहायची, मेणबत्तीसारख्या पांढऱ्या माणसांना. विलेमीनच्या तोंडावरचं सगळं रडू एकदम ओसरलं.

"हा रंग मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "हा गॅसचा नाही."

"उगीच कुणाला… शनिवारी…"

"गप्प बस," विलेमीन म्हणाली. तिने पहिल्यांदा पडदा उघडला, मग टेबलावरचा फोन घेऊन रुग्णवाहिकेसाठी एकशेबारा फिरवला. फोनवरच्या माणसाला तिने एवढंच सांगितलं: "बाई पन्नास वर्षांची, परवा पिशवी काढली आहे. आतून रक्त जातंय. नाही, मला दिसत नाही, पण मी चाळीस वर्षं मेलेली माणसं धुतली आहेत, मला कळतं. पटकन या." मग तिने कोट काढून फेन्नाच्या पायांवर टाकला, उशी काढून पायांखाली घातली, पाय उंच केले. आणि गाडी येईपर्यंत ती फेन्नाच्या कानाशी बोलत राहिली. बटाट्यांबद्दल. कुठली जात लावली, किती ओळी झाल्या, कुठे उंदीर लागले.

"बोलत राहा," फेन्ना म्हणाली. तिला घड्याळाचा आवाज हवा होता, आणि तो नव्हता.

"तुझी आई गेली तेव्हा मी उशिरा आले," विलेमीन मध्येच म्हणाली. "तिने हाक मारली होती. मला वाटलं, कपडे वाळत घालून जाते." मग पुन्हा बटाटे.

रुग्णवाहिकेत पुन्हा छतावरचे दिवे आले, पण फेन्नाला ते मोजता आले नाहीत. इस्पितळात डॉक्टर टेर हार शनिवारच्या कपड्यांत धावत आली. त्याच चार छिद्रांतून पुन्हा आत गेले. कापलेल्या जागेतली एक छोटी रक्तवाहिनी बांधलेली होती, ती सुटली होती. पोटात दीड लिटर रक्त साचलेलं. पत्रकात ते होतं, जाड अक्षरांत: दुखणं वाढत गेलं, चक्कर आली, तर लगेच फोन करा. आत साचलेलं रक्त त्याच पडद्याला लागतं आणि कळ त्याच खांद्यात येते. फेन्नाने शुद्धीवर आल्यावर ते पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं.

"तुमची शेजारीण नर्स आहे का?" डॉक्टर टेर हारने विचारलं.

"नाही," फेन्ना म्हणाली. "तिचं काम नंतरचं असतं."

त्या दिवशी बाहेर काय झालं हे तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कोट घालताना विलेमीन आपल्या नवऱ्याला म्हणाली होती, "फेन्नाकडचा पडदा ओढलाय." एवढंच. पण तो रीत पाळणारा माणूस, त्याने पुढच्या घरी सांगितलं, आणि पुढच्याने पुढच्याला. रुग्णवाहिका वळणावर आली तोवर बातमी सहाव्या घरी पोचली होती आणि बेकरीत दोन केक सांगून झाले होते. डर्क गाडीतून परत येत होता. रस्त्यावर एका शेतकऱ्याने त्याला पाहून ट्रॅक्टर बंद केला आणि टोपी काढली. त्याच्या पुढच्याने पण काढली. डर्कने हे फक्त एकदा सांगितलं, तेही गोठ्यात, लोटेला, फेन्नाकडे पाठ करून.

लोटे आईच्या पलंगाशी बसून इतकी रडली की फेन्नालाच तिला थोपटावं लागलं. "मला माहीत होतं गं पडद्याचं. विसरले. ऊन होतं, म्हणून…"

"तू ओढला नसतास तर ती आलीच नसती," फेन्ना म्हणाली. "आता पुरे. नाक पूस."

सहाव्या दिवशी ती घरी आली. पुन्हा समोरच्या खोलीतच, दुसरा उपाय नव्हता. घड्याळ अकरा वीसवर थांबलेलं होतं. लोटेने ते चालू करायला हात पुढे केला तर डर्कने तिला अडवलं. जो थांबवतो त्यानेच चालू करायचं, आणि तेही दफन झाल्यावर. इथे दफनच नव्हतं, म्हणून कुणालाच काय करावं कळेना, आणि ते सहा दिवस तसंच राहिलं होतं.

विलेमीन दुपारी फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये आली, हातात अर्धा केक.

"हा तुझा," ती म्हणाली. "बाकीचा मंडळींनी खाल्ला. बेकरीवाले परत घेत नाहीत."

"चव कशी आहे?"

"जरा कोरडा. पण तुझ्यासाठी एवढा पुरे."

तिने लंबकाला बोट लावलं. टक, टक. फेन्नाच्या हातातली कपबशी वाजत होती. तिने ती मांडीवर ठेवली. निळा ड्रेस अजून खुर्चीवर होता, बसल्याच्या चुण्या पडलेला. विलेमीनने तो झटकला.

"इस्त्री करून खणात ठेवते."

"ठेव," फेन्ना म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गाण्यांचा कागद फाड. तिसरं गाणं मला नकोच होतं."

दहा दिवसांनी फोन आला की पिशवीत वाईट काही नव्हतं. फेन्नाने आभार मानले आणि फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा विचारायला फोन केला. खरंच नव्हतं.

भीती मात्र काही केल्या गेली नाही. खांद्यात जरा काही झालं की ती आरशात पापणी ओढून पाहायची. आणि आता ती फोन करायची, शनिवारी, रविवारी, जेवणाच्या वेळी, वॉर्डातल्या मुलींना तिचा आवाज पाठ झाला. डर्क तिला अडवत नसे. त्याने एकाच गोष्टीचा निकाल लावला होता: समोरच्या खोलीतला पडदा त्याने उतरवून टाकला होता, दांडीसकट, स्क्रूंची भोकंही बुजवून. सकाळचं ऊन सरळ पलंगावर येई. तेव्हा फेन्ना त्याची टोपी डोळ्यांवर ठेवून पडायची. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण खिडकीपाशी सायकल हळू करायचा, टोपीखालची बाई हलतेय का ते पाहायला. फेन्नाला चाकांचा आवाज ऐकू यायचा. मग ती टोपी न काढता एक हात वर करायची, आणि सायकल पुढे जायची.